लॅमिंग्टन रोडवर सगळेच पंखे सायलेंट असतात

लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार. तिथे दुपारी चार वाजता बाहेर टॅक्सीवाल्यांचे हॉर्न, आत घरघरणारा जुना एसी, काउंटरवर तीन गिऱ्हाइकं एकदम भाव विचारतायत. त्यात दुकानदार चालू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवून म्हणतो, "दादा, कान लावून बघा, आवाज येतोय का?" मी कान लावला. नाही आला. माझे ४,६०० रुपये तिथेच गेले.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. लालबागला चाळीतली दहा बाय बाराची खोली. दिवसा शूटिंग, रात्री एडिटिंग, आणि टेबलापासून चार फुटांवर आईची खाट. त्यामुळे मशीन थंड राहण्याइतकंच ते गप्प राहणंही मला हवं होतं. प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स घेतला. त्याला थंड ठेवणारा कूलर त्याच्या खोक्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. हे मीच तोंडाने बोलून दाखवलं. समोरच्याने ओळखलं असणार, की हा आज कूलर घेतल्याशिवाय ग्रँट रोड स्टेशन गाठत नाही.

चार हीटपाइप, म्हणजे उष्णता वर नेणाऱ्या नळ्या, आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला एका नावाजलेल्या कंपनीचा टॉवर कूलर घ्यायचा, हे मी घरून ठरवून गेलो होतो. खोकं तेच निघालं. सील मात्र फाटलेलं. "माल हल्ली डॅमेज येतो, म्हणून आम्हीच उघडून चेक करतो." पटलं मला! कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं मागितलं, तर म्हणाला, "ते आता कोण घेतं? सहाशे जास्त द्या, पुढे अख्खी काच आणि तीन आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांचे, फॅन." बिलाचं विचारलं तर ठरलेलं उत्तर, पक्कं हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर. मी कच्च्यावर राजी झालो. फसवलं त्याने, पण हाव माझी होती, हे लपवत नाही. यूपीआय करताना स्क्रीनवर दुकानाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. तेही दिसलं, तरी पिन टाकला.

रात्री एक वाजता चाळ निजली, तेव्हा तो पीसी मला पहिल्यांदा ऐकू आला. एकसुरी घूंऽऽ. आई उठून बसली आणि म्हणाली, "अरे, कुणाची पाण्याची मोटर चालू राहिली का बघ."

नवीन आहे, सेट होईल, असं म्हणत मी आठ-दहा दिवस काढले. मग एक गोष्ट खटकली. काही काम नसताना जेवढा आवाज, तेवढाच एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं, चालू असताना. चांगला कूलर असा वागत नाही. चार पिनांचा पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग कमीजास्त करता येणारा, पंखा मदरबोर्डचं (सगळे भाग जोडतात त्या मुख्य पाटीचं) ऐकतो, तापमान उतरलं की तोही उतरतो. आणि फरक थोडाथोडका नसतो, पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने खाली येतो. इथे एक्स्पोर्ट लावला की तापमान ९० अंशांवर जाऊन टेकायचं. तीच या प्रोसेसरची कमाल मर्यादा. तिथे पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे कानाला त्रास, आणि काम उशिरा ते वेगळंच.

रिपेअरिंगची कामं करणारा माझा आतेभाऊ रविवारी आला. त्याने आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगचा स्क्रीन, उघडून दाखवलं. पुढच्या तिन्ही फॅनचा वेग शून्य, कारण ते मदरबोर्डला जोडलेलेच नव्हते. सगळे थेट एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मोलेक्स वायरवर, म्हणजे सतत १२ व्होल्ट, सतत फुल स्पीड. कूलरच्या पंख्याची वायर तीन पिनांची, आणि खोक्यावर ठळक अक्षरात पीडब्ल्यूएम. खोक्यावर जास्तीत जास्त वेग मिनिटाला १५०० फेरे, इथे २२०० दाखवतोय आणि तिथून हलत नाही. खोकं एकाचं, पंखा दुसऱ्याचा.

मग कूलर काढला. खाली प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणाऱ्या ताज्या पेस्टचा थर, आणि त्याच्या कडेला जुनी, सुकून खडू झालेली पेस्ट. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे. म्हणजे हा कुणाच्या तरी मशीनमधून उतरवलेला माल.

यानंतर त्याने जे केलं ते लक्षात ठेवा, घरच्या घरी जमतं. पातेल्यात पाणी गरम करायला लावलं, आधण येऊ दिलं नाही, आणि पंखा काढून कूलरचा नुसता बूड त्यात धरला. खऱ्या हीटपाइपमध्ये हवा काढून थोडंसं पाणी बंद केलेलं असतं. खाली उष्णता लागली की त्या पाण्याची वाफ होते, वर जाऊन निवते, आणि आतल्या जाळीसारख्या अस्तरातून पाणी परत खाली येतं. त्यामुळे वरचं टोक काही सेकंदांत चटका देऊ लागतं. आमच्या चारपैकी दोन टोकं तापली. उरलेली दोन थंडगार. नीट पाहिलं तर ते पाइप बुडापर्यंत येतच नव्हते. वरून चकचकीत टोप्या बसवल्या होत्या, बास. आई म्हणाली, "माझ्या पातेल्यात हे काय शिजवताय?"

या प्रोसेसरला जास्तीत जास्त ७६ वॉट मिळतात, जुन्या साठच्या बल्बपेक्षा थोडे जास्त. खरा चार पाइपांचा टॉवर एवढी उष्णता गुणगुणत काढतो. पण दोष नुसत्या कूलरचा नव्हता. आतेभावाने देवघरातली उदबत्ती पेटवून कॅबिनेटभोवती फिरवली. पुढच्या काचेपाशी धूर जेमतेम हलला, कारण काचेच्या कडेला बोटभर फटही नव्हती आणि ते तीन रंगीत पंखे नुसते भिंतीशी झटत होते. मागच्या पंख्यापाशी मात्र धूर आत ओढला गेला! तो उलटा बसवलेला. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे दुकानातल्या मुलाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. कूलर हवा मागे ढकलतोय, मागचा पंखा तीच पुढे लोटतोय, आणि गरम हवा मधल्यामध्ये फिरतेय.

दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन दुकानात गेलो. "सॉकेटला लागला की वॉरंटी संपली." "पाइप तुम्हीच तोडले असतील." शेवटी, "बिल दाखवा." ते कुठून दाखवणार! मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला आणि तक्रार नोंदवली. तेव्हा कळलं, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत न घेणं हीसुद्धा, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. ३० दिवस अजून उलटले नव्हते. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि व्हिजिटिंग कार्डामागे पेनाने लिहिलेला हिशेब एवढंच होतं. ते दोन्ही काउंटरवर ठेवून, तक्रारीचा नंबर दाखवून उभा राहिलो. बऱ्याच हुज्जतीनंतर २,५०० रुपये परत मिळाले. उरलेल्यांसाठी जिल्हा आयोगात जायला हवं होतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फीसुद्धा नाही. पण लग्नसराई तोंडावर होती, मी सोडून दिलं. ते सोडायला नको होतं असं अजूनही वाटतं.

आता दुसऱ्या दुकानातून पक्क्या बिलावर, माझ्या हाताने सील फोडून घेतलेला कूलर आहे. कॅबिनेट जाळीचं, पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली आहे, म्हणजे धूळ फटींतून न शिरता जाळीवर अडकते. लालबागच्या धुळीत ती जाळी मी महिन्याला धुतो. सगळे पंखे मदरबोर्डवर, आणि कामाशिवाय ७००-८०० च्या वर जात नाहीत. मेमध्ये खोलीच ३३ अंशांना असते, तेव्हा तापमान थोडं चढतं, त्याला इलाज नाही. पण एक्स्पोर्ट चालू असताना आई झोपते.

मागच्या आठवड्यात एका मित्रासाठी मॉनिटर बघायला परत त्या रस्त्यावर गेलो होतो. त्याच दुकानाच्या काचेत तेच खोकं उभं होतं, आणि या वेळी त्यावर सीलही होतं.