अकरा महिने ग्राइंडरखाली लाकडी स्टँड: सगळं जमलं, चार बोल्ट सोडून

गेल्या रविवारी धार लावायचा ग्राइंडर स्टँडवरून उतरवला. बिघडला म्हणून नाही, बोल्टच्या वायसरांनी (नटाखालच्या चकत्यांनी) फळी कुठवर खाल्ली आहे ते बघायला. फळीच्या खालच्या अंगाला चारही भोकांभोवती शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी गोल खूण उमटली होती. कड धारदार आणि आतला तळ दाबून चकचकीत काळा झालेला. मागच्या उजव्या भोकाशी नख लावलं तर नखाचा शेंडा आत बसला. किंजळीसारख्या कठीण लाकडात! ते बघूनच हे लिहायला घेतलं, कारण असा स्टँड करायचा विचार करणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट कोणी सांगत नाही.

मशीन नेहमीचीच, ८ इंची चाकाची, अर्धा हॉर्सपॉवर, सिंगल फेज. तिच्याबद्दल वेगळं सांगत नाही. माझ्याकडे वाडीतले कोयते, कुऱ्हाडी, सुतारांच्या पटाश्या आणि रंध्याची पाती धारेला येतात. फॅब्रिकेटरने लोखंडी अँगलच्या स्टँडचे ४,२०० रुपये सांगितले. मशीन साडेपाच हजारांची आणि तिच्या पायांना चार हजार, हे मला पटेना. घराची कौलं उतरवून पत्रे घातले तेव्हाचे किंजळीचे वासे पडवीत पडून होते. सुतारकाकांना एक दिवस बोलावलं. त्यांची मजुरी, फेविकॉल, नटबोल्ट सगळं धरून १,३४० रुपयांत काम झालं.

उंची ३४ इंच ठेवली, म्हणजे चाकाचा मध्य बरोबर माझ्या कोपराच्या रेषेत येतो. ही गोष्ट आधी मोजा. पूर्वी टेबलावर वाकून धार लावायचो तेव्हा तासाभरात कंबर धरायची, आता तीन तास उभा राहतो. पाय खाली बाहेरच्या बाजूला पसरते आहेत. आडव्या पट्ट्या खाच पाडून, त्यात कुसू (पट्टीचं कोरलेलं टोक) घालून, वरून पाचर मारून बसवल्या आहेत. या सांध्यांपैकी अकरा महिन्यांत एकही हललेला नाही. सुतारकाका स्क्रूला हातच लावत नव्हते. "दादा, स्क्रू लाकडाक धरता, पाचर लाकडाक सांभाळता," म्हणाले. तेव्हा मी फक्त मान हलवली होती. आता त्या वाक्याची किंमत कळते आहे.

पायांचे तळ कोब्यावर टेकतात तिथून ओल वर चढते, कारण लाकडाचं टोक पाणी पितं. म्हणून तळांना काजूच्या टरफलाचं तेल दोनदा पाजलं. ते हाताला लागू देऊ नका, कातडी भाजते. ठिणग्या पडतात त्या बाजूला फळीवर पत्रा ठोकला आहे, आणि ग्राइंडरच्या आसपास भुसा साठू देत नाही. लाकडी स्टँडला यात सूट नाही.

वजनासाठी आधी खालच्या फळीवर चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) ठेवला होता. जूनमध्ये त्याने हवेतली ओल धरली आणि फळी काळी पडली. आता रंगाच्या २० लिटरच्या डब्यात कोरडी वाळू भरून ठेवली आहे. तीस किलोच्या आसपास वजन होतं आणि थरथर चिऱ्यापेक्षा जास्त जिरते.

आवाज मात्र मनासारखा. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये हीच मशीन अँगलच्या स्टँडवर आहे. तिथे चालू केली की सगळा सांगाडा गुणगुणतो. माझ्याकडे चाकाचा आवाज तेवढा येतो. २,८०० फेऱ्यांवर स्टँडवर हात ठेवला तर बारीक मुंग्या जाणवतात, बाकी काही नाही.

जानेवारीत मशीन अचानक धडधडायला लागली. बटण बंद केल्यावर वेग उतरताना एका ठिकाणी तर पत्र्यावर ठेवलेली पाती वाजायची. वॉरंटी होती, म्हणून फोन केला. नऊ दिवसांनी माणूस आला. मशीनला हात लावण्याआधी त्याने स्टँडकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, लाकडावर बसवलीत ना, म्हणूनच बेअरिंग गेलं. हे वॉरंटीत नाही बसत." मी माहितीपुस्तिका पुढे केली. त्यात घट्ट, स्थिर बैठकीवर बसवा एवढंच लिहिलं होतं, लाकूड नको असं कुठेही नव्हतं. तो ऐकेना. शेवटी मी म्हटलं, "दोन्ही चाकं काढ आणि नुसती मोटर चालव. तरी हलली तर बेअरिंग, नाही हलली तर चाक."

चाकं काढली आणि मशीन गप्प. रुपयाचं नाणं उभं राहावं इतकी स्थिर. म्हणजे स्टँडचा दोष नव्हता आणि बेअरिंगचाही नव्हता. बेअरिंगच गेलं असं मीही धरून बसलो होतो, तो माझा अंदाजही चुकला. डावीकडच्या चाकाच्या भोकातला प्लॅस्टिकचा बुश (भोक आणि दांडा यांच्या मधली कडी) ढिला झाला होता, त्यामुळे चाक मध्यावर बसतच नव्हतं. चाक वॉरंटीत येत नाही, ते मी निमूट मान्य केलं. पण स्टँडवर खापर फोडून तो परत गेला असता तर मी फुकट चार हजारांचा लोखंडी स्टँड केला असता, हे विसरता येत नाही. नवं चाक आणलं. दोरीला टांगून लाकडी मुठीने वाजवून पाहिलं, खणखणीत आवाज आला. दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या ठेवून बसवलं, चाकाची कड सारखी करणारा ड्रेसर फिरवला. धडधड गेली.

त्याच दिवशी बोल्टची गोष्ट सुरू झाली. मशीन परत बसवताना कळलं की मागचे दोन नट बोटांनी फिरताहेत. ऑक्टोबरात मी पान्यावर सगळा जोर लावून आवळले होते. थरथरीने नट सुटले असं समजून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न फिरणारे) आणले, आणि प्रत्येक नट व बोल्टवर लाल रंगाची एक सरळ रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटेल.

एप्रिलच्या शेवटी पाहिलं. चारही रेघा अखंड होत्या. नट केसभर फिरला नव्हता, तरीही मशीनचा पाय धरून उचलला की खाली टक् आवाज येत होता. मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसून होतो. नट जागेवर, बोल्ट जागेवर, मग सैल काय झालं?

सैल झाली ती फळी. माझे वासे पावसाळाभर उघड्या पडवीत होते. ऑक्टोबरात काम केलं तेव्हा लाकूड ओलीने फुगलेलं होतं. हिवाळा आणि उन्हाळ्यात ते सुकलं आणि आडव्या अंगाने आकसलं. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, जाडी-रुंदीतच खेळतं, आणि बोल्ट नेमका जाडीतून जातो. पन्नास मिलिमीटरची फळी. नट पुन्हा पहिल्याइतका घट्ट व्हायला जवळजवळ अर्धा फेरा लागला. ८ मिलिमीटरच्या बोल्टचा एक आटा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे फळी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त बारीक झाली. नायलॉक नट फिरणं थांबवतो, लाकडाचं बारीक होणं तो थांबवू शकत नाही. सैल राहिलेली मशीन जरा जरा आपटत राहते आणि भोक मोठं करते, म्हणून हे सोडून देण्यासारखं नाही.

मी पुन्हा आवळलं आणि विषय संपला असं मानलं. इथेच दुसऱ्यांदा चुकलो. जूनपासून हवा भिजली, फळी परत फुगली आणि वायसर व मशीनच्या मध्ये अडकली. पोलाद हलत नाही, म्हणून वायसरखालचं लाकूडच चेपलं. रविवारी पाहिलेल्या गोल खुणा त्याच्याच. चेपलेलं लाकूड परत वर येत नाही, म्हणजे येत्या उन्हाळ्यात बोल्ट गेल्या वेळेपेक्षा जास्त सैल होणार. दरवर्षी आवळत राहिलो तर वायसर दरवर्षी आणखी खोल जाणार.

म्हणून आता छोटी वायसरं काढली. भंगारातून ६ मिलिमीटरची लोखंडी पट्टी घेऊन ५० बाय ५० चे चार तुकडे पाडले, ६० रुपये लागले. तुकडा आणि फळी यांच्या मध्ये जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर घातलं. हे रबर खालच्या बाजूलाच घाला. मशीनच्या पायाखाली मी आधी घालून पाहिलं होतं, कुऱ्हाड दाबली की मशीन डुलते आणि धारेवर लाटा उमटतात. खालून घातलं की मशीन थेट लाकडावर टेकून राहते. फळी फुगली तर रबर दबेल, आकसली तर रबर फुलून बोल्टचा ताण धरून ठेवेल, असा माझा हिशोब आहे. स्टँड करतानाच हे केलं असतं तर खुणा पडल्या नसत्या. आणि लाकूड पावसाळ्यानंतर लगेच न घेता महिना-दोन महिने घरात सुकवूनच घ्या.

तुमच्याकडे अँगलचा स्टँड आधीच असेल तर तो फेकून लाकडी करू नका. पण वासे पडलेले असतील आणि सुतार ओळखीचा असेल तर बिनधास्त करा. लाल रेघा नव्याने ओढल्या आहेत, आणि या वेळी रबराची जाडीही कॅलिपरने मोजून फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे: ९.४, ९.५, ९.४, ९.२. शेवटचा आकडा मागच्या उजव्या कोपऱ्याचा. एप्रिलमध्ये तोच आधी मोजणार आहे.