एएफएल ट्रेड रेडिओ : पगारपत्रकाचं धावतं समालोचन

खेळाचं समालोचन असेल म्हणून लावलंत तर दहा मिनिटांत बंद कराल. एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची लीग. तिचा सीझन सप्टेंबरअखेर संपतो आणि ऑक्टोबरात खेळाडूंच्या अदलाबदलीचा बाजार भरतो. सोमवारी सुरू, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी बंद. तेवढे दिवस या रेडिओवरची मंडळी सकाळपासून एकच दळण दळतात: कोणाचा करार कधी संपतोय, कोणाला कुठे जायचंय, त्याच्या बदल्यात कोण काय सोडायला तयार आहे. मला हे भयंकर आवडतं. मी ऐरोलीत बसून मेलबर्नच्या एका क्लायंटचं पेरोल सांभाळते, त्याचा परिणाम असेल.

हा नाद लावला क्लायंटकडच्या बाईने. ती कॉलिंगवूड क्लबची कट्टर चाहती. ऑक्टोबरात तिची उत्तरं तुटक यायला लागली की समजायचं, एका कानात रेडिओ आहे. वेळही आमच्या शिफ्टला अगदी सोयीची. तिकडे घड्याळं पुढे गेली की फरक साडेपाच तासांचा होतो, म्हणजे पहाटे कॅब कळव्याहून विटाव्याकडे वळते तेव्हा तिकडे दुसरा चहा झालेला असतो आणि पहिली अफवाही उडालेली असते.

आता मुद्दा. एएफएलमध्ये 18 क्लब, आणि रोख टाकून दुसऱ्याचा खेळाडू उचलायची सोय नाही. द्यायचा तर खेळाडू द्या, नाहीतर नोव्हेंबरातल्या ड्राफ्टमधला, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या कार्यक्रमातला, आपला नंबर द्या. हा नंबरच तिथलं चलन, कारण ड्राफ्टमध्ये तळाच्या क्लबला पहिली निवड मिळते. आयपीएल बघणाऱ्याला हे पचायला वेळ लागतो. 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला तो निव्वळ पैशांवर, बदल्यात कोणीही गेलं नाही. माझ्या टीममधला एक पोरगा मला म्हणालाच, "ताई, मग हे लोक पैसे टाकून विषय का संपवत नाहीत?" अरे बाबा, पैसे टाकायचे कुठून? 1987 पासून तिथे सॅलरी कॅप आहे. पूर्ण संघाच्या पगाराला वरून झाकण, आणि खालूनही: कॅपच्या किमान 95 टक्के रक्कम खेळाडूंवर खर्च करावीच लागते. कमी खर्चून गल्ला भरता येत नाही, जास्त खर्चून कप विकत घेता येत नाही. या दोन रेघांच्या मधे लिस्ट मॅनेजर नावाचा माणूस वर्षभर आकडे इकडचे तिकडे करत असतो. मार्चएंडला आम्ही जे करतो तेच, फक्त याच्या चुका स्टेडियममध्ये दिसतात.

कार्यक्रम खरा रंगतो तो हे लिस्ट मॅनेजर किंवा खेळाडूंचे एजंट स्वतः बोलायला येतात तेव्हा. कोणीच सरळ बोलत नाही. "चर्चा चांगली चालली आहे" म्हणजे समोरच्याने फोन उचललेला नाही, हे ऐकून ऐकून कळायला लागतं. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं बोलणारे आमचे काका यांच्यात सहज खपून जातील.

जुने सौदे पुन्हा उकरून काढले जातात तो भागही सोडू नये. टॉम बॉइडचं प्रकरण मला तिथूनच कळलं. 2013 च्या ड्राफ्टमधला पहिल्या नंबरचा पोरगा, जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) क्लबकडे एकच सीझन खेळला, आणि 2014 मध्ये वेस्टर्न बुलडॉग्सनी त्याच्यासाठी आपला कॅप्टन रायन ग्रिफेन आणि वर ड्राफ्टमधला सहावा नंबर देऊन टाकला. करार सात वर्षांचा, आकडा सुमारे 70 लाख डॉलर्सचा असल्याचं छापून आलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. 2016 च्या फायनलमध्ये याने तीन गोल मारले आणि बुलडॉग्स 1954 नंतर पहिल्यांदा जिंकले. पुढे 2019 मध्ये, दोन वर्षांचा करार शिल्लक असताना, उरलेल्या पैशांवर पाणी सोडून तो निवृत्त झाला. आता सांगा, सौदा महाग की स्वस्त? माझं मत स्वस्त. यावर क्लायंटच्या बाईशी माझं अजून जमत नाही.

तिची दुखती नस वेगळी आहे. कॉलिंगवूडने 2020 मध्ये कॅपचा ताण हलका करायला अॅडम ट्रेलोरला बुलडॉग्सकडे धाडला, तेही अदलाबदलीची मुदत संपता संपता. त्याचा करार 2025 पर्यंतचा होता, म्हणून तो दुसऱ्याकडे खेळत असताना पगाराचा काही भाग कॉलिंगवूडच भरत राहिलं. माणूस एकाच्या मस्टरवर, खर्च दोघांच्या खात्यावर. आमच्याकडे अशी एंट्री आली असती तर ऑडिटवाल्यांनी टेबलाभोवती फेर धरला असता.

फ्री एजन्सीचे नियम मात्र कोणी समजावून सांगत नाही, तुम्हाला येतात असंच धरून चालतात. मोठी उणीव आहे, म्हणून मीच सांगते. 2012 पासून एका क्लबात आठ वर्षं काढलेला खेळाडू करार संपला की मोकळा होतो. पण तो क्लबातल्या जास्त पगारवाल्या 25 टक्क्यांत असेल तर जुना क्लब समोरची ऑफर तेवढ्याच पैशांची करून त्याला अडवू शकतो. 2013 मध्ये हॉथॉर्नच्या लान्स फ्रँकलिनला सिडनी क्लबने नऊ वर्षं आणि सुमारे एक कोटी डॉलर्स देऊ केले. हॉथॉर्नने अडवलं नाही. भरपाई म्हणून लीगकडून 19 वा नंबर घेतला, आणि पुढच्याच वर्षी फायनलमध्ये त्याच सिडनीला हरवलं. फ्रँकलिनने त्या कराराच्या शेवटच्या वर्षी हजारावा गोल मारला तेव्हा अख्खं पब्लिक मैदानात उतरलं होतं. म्हणजे तोट्यात कोणीच नाही. क्वचित होतं असं.

करार असलेल्याला त्याच्या मर्जीविरुद्ध पाठवता येत नाही, हाही नियम डोक्यात ठेवा. उलट बाजूही तितकीच पक्की. 2025 मध्ये एसेंडनचा कॅप्टन झॅक मेरेट म्हणाला, मला हॉथॉर्नला जायचंय. करार 2027 पर्यंतचा. एसेंडन शेवटपर्यंत बधलं नाही. त्या बुधवारी पँट्रीत माझा डबा उघडा होता, भेंडी गार झाली होती आणि पोरगा "ताई, झालं का?" विचारत दोनदा येऊन गेला. नाही झालं. त्याच दिवशी चार्ली कर्नो मात्र कार्लटनहून सिडनीला गेला.

कंटाळा कुठे येतो? पहिल्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत. काही घडत नसतं, तरी तास भरायचे असतात, मग त्याच त्या अंदाजांना फोडणी. टोपणनावांचा माराही फार. सुरुवातीला तर कोण माणूस आणि कोण क्लब इथपासून तयारी. तरी फुकट मिळतंय, त्यामुळे पाचपैकी चार द्यायला माझी हरकत नाही.

नव्याने ऐकणार असाल तर थेट शेवटच्या बुधवारी लावा. मुदत मेलबर्नच्या साडेसातची, आपल्याकडे दुपारी दोन. दोन वाजले म्हणून बंद करू नका. कागद वेळेत पोचलेले असले तरी काही सौदे जाहीर व्हायला त्यानंतर वेळ लागतो, आणि कॅबवाला तसाही सव्वादोनच्या आधी येत नाही.