मागचा टायर: मूळ मापाचा की रुंद?

भाचीच्या अ‍ॅक्टिव्हाचा मागचा टायर गुळगुळीत झालाय. मूळ माप ९०/१००-१०, दुकानात मात्र तिला १००/९०-१० सुचवलाय. कोणता घ्यावा, असं ती विचारतेय.

आधी माप समजून घेऊ. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची रिमपासूनची उंची. शेवटचा १० हा रिमचा व्यास, इंचांत; तो दोन्हींत सारखाच. दोन्हींची उंची ९० मिलिमीटरच येते, त्यामुळे गाडी उंच होत नाही, स्पीडोमीटरही चुकत नाही. फरक फक्त रुंदीचा, १० मिलिमीटर.

पकड: रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड, हे सरसकट खरं नाही. ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर काढतात त्या नक्षीच्या खाचा, आणि रबराचा दर्जा. मूळ रिम अरुंद असली की रुंद टायर तिच्यावर नीट बसत नाही, वळताना गाडी वेगळी वाटते.

खर्च: रुंद टायर साधारणपणे महाग आणि जड. मायलेजही थोडं घटू शकतं.

जागा: दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर वाढतात. चाक फिरवून टायर कुठे घासत नाही ना, ते बघायलाच हवं.

रोज एकटीने शहरात फिरणाऱ्या भाचीसाठी मूळ मापच, ट्यूबलेस. त्यावर ५३ किंवा त्याहून मोठा भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, असावा; ५३ म्हणजे २०६ किलो. रुंद टायर घ्यावा तो रिम बदललेल्यांनी किंवा कंपनीनेच ते माप दिलेल्यांनी. घेताना टायर कधी बनला ते सांगणारे बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. जुना माल परत करा.