जुनी ओम्नी की ईको? १-३-२ आणि १-३-४-२ समजून घेऊन ठरवा

सेकंडहँड व्हॅन घ्यायची म्हटलं की गाडी शेवटी मारुतीची ओम्नी की ईको इथेच येऊन थांबते, मग लोक मायलेज विचारतात, किंमत विचारतात, सीएनजी आहे का विचारतात, पण इंजिनात ठिणगी कुठल्या क्रमाने पडते हे कोणी विचारत नाही. मला वाटतं ते आधी बघावं, कारण थरथर, चढावरची ओढ आणि मेकॅनिककडचं काम यातलं बरंच काही तिथूनच कळतं.

ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलेंडरचं, फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) १-३-२. ईकोचं साधारण १२०० सीसीचं, चार सिलेंडर, ऑर्डर १-३-४-२. आता फोर स्ट्रोक इंजिनात सगळे सिलेंडर एकेकदा पेटेपर्यंत क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) दोन फेरे मारतो म्हणजे ७२० अंश, ते तिघांत वाटले तर दर २४० अंशाला एक ठिणगी आणि चौघांत वाटले तर दर १८० ला. पॉवर स्ट्रोक, म्हणजे पेटलेला सिलेंडर जोर लावतो तो टप्पा, १८० अंशांचाच असतो, त्यामुळे ईकोत एकाचा संपला की लगेच दुसऱ्याचा सुरू, पण ओम्नीत दरवेळी मधले ६० अंश कोणताच सिलेंडर जोर लावत नसतो, तेवढं फ्लायव्हील (क्रँकवरचं जड चाक) निभावून नेतं. त्यात इंजिन पुढच्या सीटखालीच, म्हणून आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) ती थरथर अंगाला जाणवते. चांगली ओम्नीसुद्धा थोडी थरथरतेच, तेवढ्यावरून इंजिन गेलं म्हणू नका.

ईकोत सरळ १-२-३-४ का नाही? कारण १ आणि ४ चे पिस्टन एकत्र वर येतात, २ आणि ३ चे एकत्र, म्हणजे १ नंतर २ किंवा ३ चाच नंबर लागू शकतो आणि ३ नंतर ४ पेटवणंही क्रँकला जमतं, पण २ नंतर लगेच ३ कधीच पेटू शकत नाही, दोघं एकाच वेळी वर असतात.

गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे एखादा सिलेंडर नीट पेटेना, की खरा फरक कळतो. एक सिलेंडर बंद पडला तर ओम्नीची तिसरा हिस्सा ताकद जाते, ईकोची पाव. पण जुनी कार्बोरेटरवाली ओम्नी तपासायला फार सोपी, डिस्ट्रिब्युटरच्या (सिलेंडरांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) तीन वायर, मेकॅनिक एकेक काढून बघतो, जी काढल्यावर आवाज बदलत नाही तो सिलेंडर मेलेला. वायर परत लावताना दोन अदलाबदल झाल्या तर मात्र गाडी नीट चालू होणार नाही, बॅकफायर मारेल. ईकोत क्रम ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांभाळतो, तिथे बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०३ हा मिसिंगचा कोड आला तर तिसऱ्या नंबरचा सिलेंडर, म्हणजे जागेने तिसरा, पेटण्याच्या क्रमातला तिसरा नव्हे (क्रमात तिसरा ४ आहे!). यात गोंधळ झाला की चांगला प्लग बदलला जातो आणि खराब तसाच राहतो.

माझं मत सांगतो. गावातल्या गावात हलका माल, कमी बजेट, जवळ जुना जाणता मेकॅनिक असेल तर ओम्नी चालेल, पण ती २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे पासिंगची किती वर्षं उरलीत ते आधी बघा. माणसं भरून खंबाटकी किंवा कशेडी घाट चढायचा असेल तर ईकोच घ्या. ओम्नीची ताकद ३५ पीएसच्या (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) आसपास, आधीच्या ईकोची ७३, २०२२ नंतरच्या पेट्रोल ईकोची जवळपास ८१. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.