पंपावरचा सक्शन क्लीनर की रोबोट?

अलिबागकडच्या घरी टाकी पोहण्याची असली तरी खरी मेहनत आंब्याच्या पानांची आणि लाल मातीची. टाकीचा तळ साफ करणारी ही दोन्ही यंत्रं मी वापरली आहेत.

सक्शन क्लीनर स्वस्त आणि साधा. नळी स्किमरला, म्हणजे टाकीच्या काठाशी पाणी ओढणाऱ्या तोंडाला लावायची, पंप सुरू करायचा, की तो तळावर फिरू लागतो. पण ओढलेला कचरा जातो पंपाच्या जाळीत आणि पुढे सँड फिल्टरमध्ये, म्हणजे वाळूच्या गाळणीत. पानं जाळीत अडकली की ओढ मंदावते आणि क्लीनर जागीच थांबतो. बारीक माती तर वाळूतूनही निसटते, परत टाकीत येते आणि पाणी गढूळच राहतं. मग वारंवार बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं, आणि प्रत्येक वेळी भरपूर पाणी बाहेर. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असताना हे फार जिवावर येतं.

रोबोटची मोटर आणि गाळणी त्याच्या पोटातच. मुख्य पंप बंद ठेवूनही तो दोन-तीन तासांत तळ घासतो, बरेचसे तर भिंतीही चढतात. झाकण उघडलं की गाळणीवर तांबड्या मातीचा मऊ थर बसलेला दिसतो. गाळणी नळाखाली धरली की स्वच्छ. मात्र किंमत कितीतरी जास्त, आणि दुरुस्तीला जवळपास माणूस मिळेल का, हे घेण्याआधी विचाराच. काम झालं की त्याला सावलीत ठेवा.

झाडं कमी, टाकी लहान असेल तर सक्शन पुरे. माती असेल तर मी रोबोटच घ्यायला सांगेन. शेवाळ धरलं असेल, तर आधी क्लोरीन आणि हातातला ब्रश.