ड्युटीवर गाडीचा अपघात झाला, तर दावा कुठे लावायचा?

ट्रक-टेम्पोवर ड्युटी करताना रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या ड्रायव्हर-क्लीनरसमोर दोन मार्ग असतात. एक, मालकाविरुद्ध कामगार न्यायालयात 1923च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली दावा. दुसरा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे एमएसीटी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 167 प्रमाणे यातला एकच निवडता येतो. (21 नोव्हेंबर 2025 पासून 1923चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. खालचा हिशेब त्याआधीच्या अपघाताचा आहे.)

समजा, क्लीनरचं वय 30, पगार 22,000 आणि कमावण्याची ताकद 40 टक्के गेली.

कामगार न्यायालयात पगार कितीही जास्त असो, हिशेबाला 15,000पर्यंतच धरतात. त्याचे 60 टक्के 9,000. त्याला वयाचा गुणक 207.98, आणि त्याचे 40 टक्के: 7,48,728 रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

एमएसीटीत पूर्ण पगार धरतात. 22,000 गुणिले 12 महिने, गुणिले तिथला वयाचा गुणक 17, त्याचे 40 टक्के: 17,95,200. भविष्यातली पगारवाढ धरली तर रक्कम 25 लाखांवर जाते. वेदना, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च हे आणखी वेगळं.

आकडे बघून कोणीही एमएसीटीकडेच धावेल. पण तिथे चूक कोणाची हे सिद्ध करावं लागतं. चूक निम्मी तुमची ठरली तर रक्कम निम्मी होते. ड्रायव्हरच्याच चुकीने गाडी उलटली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली त्याच्या हाती काही लागत नाही. पगार रोखीने मिळत असेल आणि पुरावा नसेल, तर किमान वेतनावर बोळवण होण्याची भीती असते. शिवाय 1 एप्रिल 2022 पासून दाव्याची मुदत सहा महिने केली आहे. कामगार न्यायालयात ती दोन वर्षं होती.

कामगार न्यायालयात चूक कोणाची हे सहसा विचारतच नाहीत. दारू पिऊन किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडून झालेली इजा हा अपवाद, आणि मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व असेल तर तोही अपवाद चालत नाही. मालकाने महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची तरतूद: अपील करायचं तर मालकाला आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. ज्या घरात चूल पेटण्याची पंचाईत आहे, तिथे हे फार महत्त्वाचं.

म्हणून माझं मत असं: एफआयआर आणि पंचनाम्यात समोरच्या गाडीची चूक स्वच्छ दिसत असेल आणि पगाराचा कागद असेल, तर एमएसीटी. स्वतःची चूक असेल किंवा गाडी एकटीच उलटली असेल, तर ड्रायव्हरने कामगार न्यायालयातच जावं. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, कार्ड असेल तर मात्र कामगार न्यायालयाचा मार्ग बंद. त्या योजनेतून दरमहा लाभ मिळतो.

मार्ग कुठलाही घ्या, अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी डोळे झाकून मान्य करू नका. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराचं नुकसान 100 टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. पायाने क्लच दाबता येत नसेल तर ड्रायव्हरचंही तेच म्हणणं मांडता येतं. वय 30 असताना 100 टक्के मान्य झाले, तर कामगार न्यायालयातलेच 7,48,728 थेट 18,71,820 होतात.