तीन युनिटचा झिरकोनिया ब्रिज: एक बाजू सुटली, त्यानंतरचा अनुभव

ब्रिज म्हणजे काढलेल्या दाताच्या जागी खोटा दात, शेजारच्या दोन तासलेल्या दातांवरच्या कॅपना जोडून सिमेंटने चिकटवलेला. तो पूर्ण निघून हातात आला असता तर परवडलं असतं. माझा एका बाजूने सुटला आणि दुसऱ्या बाजूने घट्ट बसून राहिला. आरशात सगळं जागच्या जागी, चावताना दुखत नाही. फक्त सकाळी उठल्यावर त्या बाजूला घाण चव यायची, आणि पुढची कॅप बोटाने दाबली की तिच्या कडेला लाळेचा बारीक बुडबुडा दिसायचा. बोट काढलं की तो आत ओढला जायचा. कुणाला असा बुडबुडा दिसत असेल तर हे नंतर वाचा, आधी डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्या. चावताना सुटलेली कॅप दर वेळी किंचित उचलते आणि लाळ, अन्नाचे कण आत जातात. तासलेल्या दातावर इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, जवळजवळ उरलेलं नसतं, त्यामुळे कीड झपाट्याने पसरते. त्या दाताचं आधी रूट कॅनाल झालं असेल तर ठणकाही लागत नाही, कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

माझी खालची पहिली दाढ काढलेली होती. तिच्या पुढची उपदाढ आणि मागची दाढ यांवर कॅप, मध्ये खोटी दाढ. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, का नाही, असं सगळे विचारतात. माझ्या दोन्ही शेजारच्या दातांत आधीच मोठी फिलिंग होती, आज ना उद्या कॅप लागणारच होती, मग एकाच खर्चात तीन कामं झाली. ते दात धडधाकट असते तर मी ब्रिज केला नसता. कॅपसाठी दात चारही बाजूंनी एक-दीड मिलिमीटर तासतात, चावायच्या बाजूने आणखी थोडा, आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही.

पक्का ब्रिज तयार होईपर्यंतच्या टेम्पररी कॅपचे दिवस लवंगेच्या तेलाच्या वासात गेले, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. शेडचंही, म्हणजे दाताच्या रंगछटेचंही नाही; मागच्या दाढेकडे कोण बघतंय? एवढंच, की शेड कामाच्या सुरुवातीला, दात ओले असतानाच ठरवायला सांगा. सुकलेला दात खऱ्यापेक्षा पांढरा दिसतो.

पहिले काही महिने मी या ब्रिजवर इतकी खूश होते की भेटेल त्याला झिरकोनियाची, म्हणजे ज्या पांढऱ्या सिरॅमिकचा तो बनतो त्याची, ताकद सांगायचे. आज ते मत बदललंय. झिरकोनिया मजबूत आहे यात शंका नाही, माझ्या ब्रिजला अजून ओरखडाही नाही. पण निकाल लावला सिमेंटने आणि खालच्या दाताच्या उंचीने. माझी उपदाढ तासल्यावर आखूड उरली होती. आखूड खुंटावर कॅपची पकड कमी राहते, आणि पूर्ण ब्रिज एकसंध असल्यामुळे जो दात कमजोर, तिथलं सिमेंट आधी सुटतं. ब्रिजवरच्या अभ्यासांत १० वर्षांनंतर दहापैकी जवळपास नऊ ब्रिज तोंडात टिकलेले दिसतात, म्हणजे पद्धत चांगलीच आहे. जे जातात त्यांत आधाराच्या दाताची कीड आणि सुटलेलं सिमेंट ही नेहमीची कारणं.

क्लिनिकशी मात्र वाद घालावा लागला. आधी उत्तर मिळालं, "हलत नाहीये, तुम्हाला वाटतंय." मी कॅप दाबून बुडबुडा दाखवला. मग एक्स-रे. झिरकोनियातून एक्स-रे आरपार जात नाही, कॅपच्या आतला दात पांढऱ्या ठिपक्यामागे झाकला जातो. कड आणि मूळ तेवढं दिसतं. तरी त्यावरून सल्ला आला की नवीन ब्रिज करा, पूर्ण खर्च तुमचा, कारण ब्रिज बनवणाऱ्या लॅबची वॉरंटी तो तुटला तरच. मला हे पटलं नाही. वस्तू शाबूत आहे, सुटलंय ते सिमेंट, मग दाताची अवस्था बघण्याआधीच नवीन कशासाठी? मी एवढंच धरून बसले की आधी काढा, आत बघा, मग ठरवू. ठोकून काढताना खालचा दात मोडू शकतो हे त्यांनी सांगितलं, ते खरं आहे आणि मी ते समजून होकार दिला. ब्रिज अख्खा निघाला. उपदाढेच्या कडेला तपकिरी, मऊ कीड नुकती लागली होती. ती साफ करून फिलिंग केलं, कॅपची आतली बाजू बारीक अॅल्युमिना पावडरच्या फवाऱ्याने खरखरीत केली आणि रेझिन सिमेंटने तोच ब्रिज परत बसवला. या वेळी दात कोरडा ठेवण्यासाठी दोन्हीकडून कापूस लावून चांगला वेळ घेतला. नव्या ब्रिजचा खर्च वाचला.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते: खोट्या दाढेच्या पोटाखालची जागा. ती हिरडीवर नुसती टेकलेली असते, तिथे ब्रश पोचत नाही, आणि तिन्ही दात जोडलेले असल्यामुळे साधा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा धागा, वरून आत जात नाही. ब्रिज बसवला त्या दिवशी मला हे कुणी करून दाखवलं नाही, हातात फक्त कागद दिला. त्यासाठी सुपरफ्लॉस नावाचा खास धागा मिळतो, त्याचं एक टोक कडक असतं. ते गालाच्या बाजूने कॅप आणि खोटी दाढ यांच्या मधून घालायचं, जिभेच्या बाजूने ओढून घ्यायचं, मग मधला फुगीर स्पंजी भाग दाढेच्या पोटाखाली मागेपुढे फिरवायचा आणि शेवटी दोन्ही आधाराच्या दातांच्या अंगाला घासून बाजूने बाहेर ओढायचा. सुरुवातीला धाग्यावर रक्त आणि वास दोन्ही येतात. नियमित केलं की हिरडी घट्ट होते आणि दोन्ही थांबतात. महिना उलटला तरी थांबलं नाही तर दाखवून घ्या.

सुपरफ्लॉस एकदाच वापरायचा, त्यामुळे रोजचा खर्च खुपतो. म्हणून मी वॉटर फ्लॉसर, म्हणजे फटीत पाण्याची धार मारणारं यंत्र, आणला. अडकलेले कण तो छान काढतो, पण त्याच्यानंतर लगेच सुपरफ्लॉस फिरवला तरी पांढरा चिकट थर निघतोच. शेवटी थ्रेडर घेतला, सुईच्या नाक्यासारखा प्लास्टिकचा फास, तो धुऊन पुन्हा वापरता येतो आणि त्यात साधा फ्लॉस ओवता येतो. कडेच्या फटीसाठी इंटरडेंटल ब्रश, तोही केस वाकेपर्यंत चालतो. मापाचा ब्रश मात्र डेंटिस्टकडून निवडून घ्या, मोठा कोंबला तर हिरडी सोलते.

सध्या दोन्ही कॅप घट्ट आहेत, बुडबुडा नाही, सकाळची चव गेली. रोज रात्री दात घासून झाले की बोटाने पुढची कॅप दाबून बघते. पुढच्या तपासणीला उपदाढेच्या कडेचा नवा एक्स-रे मागणार आहे, आधीच्या फिल्मशेजारी ठेवून बघायला. त्यात कीड सरकलेली दिसली तर हा ब्रिज सोडून द्यावा लागेल, आणि तेव्हा आखूड खुंटाचं काय करणार हा प्रश्न मी सिमेंटच्या आधी विचारणार आहे.